घोड्याची पाठ, स्वाराचा कणा : शियात्सू मर्दनाचा उपयोग आणि मर्यादा

नवी दिल्ली : घोड्यालाही पाठदुखी होते आणि ती स्वाराच्या लक्षात अनेकदा उशिरा येते. खोगीर चढवताना कान मागे टाकणे, तंग आवळताना दात दाखवणे, वळणावर एकाच बाजूला जड होणे, उडी टाळणे ही लक्षणे हट्टीपणाची मानली जातात आणि त्यावर चाबूक वा अधिक कडक लगाम हा उपाय शोधला जातो. या समजाला छेद देणाऱ्या उपचारांमध्ये गेल्या काही दशकांत हाताने करावयाच्या मर्दनाला जगभर स्थान मिळाले आहे. ‘शियात्सू’ ही जपानी दाबपद्धती त्यांपैकी एक. घोडा आणि स्वार यांचा एकत्रित विचार करणे हे तिचे वैशिष्ट्य होय. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलापासून वीटभट्टीवरील तट्टांपर्यंत सर्व थरांतील घोडे आढळणाऱ्या दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या पद्धतीचा उपयोग किती आणि तिची मर्यादा कोठे, हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

शियात्सू म्हणजे काय?

जपानी भाषेत ‘शि’ म्हणजे बोट आणि ‘आत्सु’ म्हणजे दाब. अंगठा, बोटे व तळहात यांनी शरीराच्या ठरावीक जागी संथ, स्थिर दाब देणे हे या पद्धतीचे मूळ स्वरूप आहे. तिच्यात तेल लागत नाही आणि माणसावर ती अंगावरील कपड्यांसह केली जाते. मराठीत ज्याला ‘अंग चेपून देणे’ म्हणतात, त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे.

तोकुजिरो नामिकोशी (१९०५-२०००) यांनी या पद्धतीला आधुनिक रूप दिले आणि १९४० मध्ये तोक्यो येथे तिचे विद्यालय सुरू केले. जपानच्या कायद्यात १९५५ मध्ये शियात्सूचा उल्लेख आला आणि १९६४ मध्ये तिला स्वतंत्र उपचार म्हणून मान्यता मिळाली. नामिकोशी यांचा भर शरीररचनाशास्त्रावर होता. पुढे शिझुतो मासुनागा (१९२५-१९८१) यांनी तिला चिनी वैद्यकातील ऊर्जावाहिन्यांच्या कल्पनेची जोड दिली. एक हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्याने दाब देत पुढे सरकायचे, ही दोन हातांची रीत त्यांच्याच परंपरेत रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत घोड्यांसाठी जी शियात्सू वापरली जाते, तिच्यावर प्रामुख्याने मासुनागा यांच्या विचारांची छाप आहे.

घोड्यांसाठीच्या मर्दनाचा आधुनिक इतिहास अमेरिकेत सुरू होतो. जॅक मेहर यांनी खेळाडूंच्या स्नायूंसाठी वापरले जाणारे मर्दन घोड्यांकडे वळवले, तर पामेला हॅने यांनी घोड्यांवरील शियात्सूविषयी ग्रंथलेखन केले. तेथून ही पद्धत युरोपातील तबेल्यांत पोहोचली.

भारतीय परंपरेतील अंगमर्दन

घोड्याचे अंग चोळणे भारताला नवे नाही. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव घेतले जाते आणि घोड्यांच्या वैद्यासाठी मराठीत रूढ असलेला ‘सालोत्री’ हा शब्द त्याच नावावरून आला आहे. जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावर असलेला ‘अश्वचिकित्सित’ हे याच परंपरेतील ग्रंथ होत.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्ष प्रकरणात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे, असे सांगितले आहे. घोड्याचे शरीर प्रमाणाबाहेर रोडावले वा स्थूल झाले तर उपाय करणे आणि ऋतूनुसार आहार बदलणे ही अश्ववैद्यांची जबाबदारी मानली आहे. चुकीच्या वा निष्काळजी उपचाराने व्याधी वाढल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड आणि परिणाम अगदीच उलटा झाल्यास घोड्याच्या किमतीइतका दंड, अशी तरतूदही त्यात आहे. घोड्याला हात लावणाऱ्याने त्या हाताची जबाबदारी घ्यावी, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

मराठेशाहीतील पागांमध्ये ही कामे मोतद्दाराकडे असत. रपेटीनंतर घाम सुकू देणे, खरारा करणे, पाय चोळणे आणि खोगिराखालची कातडी तपासणे हा त्याचा नित्यक्रम. उत्तर भारतात हेच काम साईस करतो. घोडदळाच्या बोलीत खराऱ्यालाच ‘मालिश’ म्हणण्याची रीत आहे. ‘शाम्पू’ हा इंग्रजीत गेलेला शब्दही ‘चांपना’ म्हणजे दाबणे या हिंदी क्रियापदावरून आला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे याच नावाने मर्दनस्नान लोकप्रिय केले होते.

पारंपरिक मालिश आणि शियात्सू यांत मात्र फरक आहे. मालिश जलद व जोरकस असते. त्वचा स्वच्छ करणे आणि अंगात ऊब आणणे हा तिचा हेतू असतो. शियात्सूत वेग कमी असतो आणि प्रत्येक दाबानंतर घोड्याचा प्रतिसाद पाहिला जातो.

राजधानी परिसरातील घोडे

राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची स्थापना १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज याने बनारस येथे केली. आज या दलाचे घोडे राष्ट्रपती भवनाच्या परिसरात असतात. १९४० मध्ये स्थापन झालेला दिल्ली रेस क्लब, लष्कराचे पोलो व अश्वारोहण केंद्र, दिल्ली पोलिसांचे अश्वपथक तसेच गुरुग्राम, नोएडा व छतरपूर भागांतील खासगी अश्वारोहण शाळा यांमुळे या परिसरात घोड्यांची मोठी वस्ती आहे. राजधानी क्षेत्रातच येणाऱ्या मेरठ येथे लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरचे केंद्र व महाविद्यालय आहे.

अश्वारोहणाचा आशियाई क्रीडा स्पर्धांत प्रथम समावेश झाला तो १९८२ मध्ये, दिल्लीतच. त्या वेळी भारताने या खेळात तीन सुवर्णपदके मिळवली. त्यानंतरचे सुवर्ण २०२३ मध्ये हांगझोऊ येथे, तब्बल ४१ वर्षांनी, ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात आले. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या या संघाची तयारी युरोपात झाली होती. घोड्यांच्या रोगमुक्त क्षेत्रास आंतरराष्ट्रीय मान्यता नसल्याने भारतातून घोडे परदेशी स्पर्धांना नेणे तोवर अवघड होते. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या केंद्रातील रोगमुक्त विभागाला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्याने ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला आहे. घोडे येथूनच स्पर्धेला जाऊ लागले, तर त्यांच्या स्नायूंची व पाठीची निगाही येथेच राखावी लागेल.

याच परिसरात लग्नाच्या वरातीतील घोड्या आणि वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहणारी तट्टे व खेचरेही आहेत. कामाचा बोजा त्यांच्यावर अधिक आणि देखभाल सर्वांत कमी असते.

पाठीचे गणित

घोड्याच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १८ आणि कमरेचे साधारणतः ६ मणके असतात. खोगीर पाठीच्या मणक्यांवर, शेवटच्या बरगडीच्या पुढेच बसले पाहिजे. कंबरेच्या भागाला खालून बरगड्यांचा आधार नसतो. घोड्याला गळपट्टीचे हाड नसल्याने त्याचे पुढचे पाय धडाशी केवळ स्नायू व स्नायुबंधांनी जोडलेले असतात, आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार याच पायांवर येतो. त्यामुळे खांदा व मानेच्या मुळाशी असलेल्या स्नायूंवर सतत ताण राहतो.

स्वार व खोगीर मिळून होणारे वजन घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा संकेत आहे. म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर ९० किलो. अमेरिकेतील ओहायो येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५, २०, २५ व ३० टक्के भार देऊन घोड्यांची तपासणी करण्यात आली. भार २५ टक्क्यांवर गेल्यावर स्नायूंचे दुखणे वाढू लागले आणि ३० टक्क्यांवर ते ठळक झाले.

भार किती याइतकेच तो कसा पडतो हेही महत्त्वाचे असते. स्वाराची कंबर एका बाजूला आखडली असेल तर एका रिकिबीवर अधिक जोर येतो, खोगीर किंचित सरकते आणि घोडा तोल सावरण्यासाठी पाठ वाकडी धरतो. काही महिन्यांत त्याच्या एका बाजूचे स्नायू फुगीर व दुसऱ्या बाजूचे खोलगट दिसू लागतात. अशा वेळी घोड्याचीच पाठ चोळत राहिल्यास कारण तसेच राहते. घोडा आणि स्वार या दोघांना तपासण्याचा आग्रह धरण्यामागे हा साधा यांत्रिक हिशेब आहे.

सत्र कसे चालते?

घोड्यावरील शियात्सूचे सत्र साधारणतः पाऊण ते एक तासाचे असते. घोडा नेहमीच्या ठाणावर, ओळखीच्या साईसाच्या हाती सैल धरलेला असावा. त्याला आखूड बांधून ठेवल्यास दाब नकोसा झाला तरी बाजूला सरकता येत नाही आणि त्याचा नकार कळत नाही. प्रथम त्याची चाल पाहिली जाते. नंतर मानेपासून सुरुवात करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यापर्यंत तळहाताने चाचपणी होते. कोठे ऊब आहे, कोठे कडकपणा आहे, कोठे कातडी थरथरते, हे टिपले जाते. दाब बोटांच्या जोराने नव्हे, तर शरीराचा भार हळूहळू पुढे झुकवून दिला जातो आणि काही क्षण स्थिर ठेवला जातो. कण्याच्या हाडावर थेट दाब देत नाहीत. शेवटी पाय उचलून सांध्यांच्या स्वाभाविक मर्यादेत हलकेच ताणले जातात.

डोके खाली जाणे, पापण्या मिटू लागणे, खालचा ओठ सैल पडणे, चाटणे-चघळणे, नाकातून दीर्घ श्वास सोडणे ही घोडा सैलावल्याची चिन्हे मानली जातात. कान मागे जाणे, शेपटी झटकणे, अंग आक्रसणे वा चावायला वळणे याचा अर्थ दाब कमी करावा किंवा थांबवावा. एकाच जागी प्रत्येक वेळी असा प्रतिसाद आला, तर पशुवैद्याला बोलावणे आवश्यक ठरते.

स्वारासाठीचे सत्र जमिनीवरील गादीवर होते. कंबर, मांडीचा आतील भाग, खांदे व मान यांकडे विशेष लक्ष दिले जाते. हे स्नायू आखडले की स्वार लगाम नकळत ओढून धरतो आणि गुडघ्यांनी खोगीर आवळतो.

पुरावा काय सांगतो?

स्पर्शाने घोडा शांत होतो, याला शास्त्रीय आधार आहे. घोडे एकमेकांची मान व पाठीचा पुढचा उंचवटा दातांनी हलकेच खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील १९९३ च्या अभ्यासात याच जागी खाजवल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, इतरत्र तसा परिणाम दिसत नाही, असे आढळले. ब्रिटनमधील २००४ च्या प्राथमिक अभ्यासात सहा ठिकाणी मर्दन करून पाहिले असता घोडे परस्परांना जेथे खाजवतात, त्याच जागी सर्वाधिक परिणाम नोंदवला गेला.

याच्या पुढचे दावे मात्र जपून घ्यावे लागतात. स्वीडन व फिनलंडमधील संशोधकांनी २०२२ मध्ये घोडे, कुत्रे व मांजरे यांच्यावरील मर्दनोपचारांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. माणसांवरील शियात्सूबाबत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातही संशोधनाचे प्रमाण व दर्जा दोन्ही कमी पडत असल्याचे नमूद आहे.

ऊर्जावाहिन्यांच्या सिद्धांतापुढे तर घोड्याची शरीररचनाच प्रश्न उभे करते. माणसातील अनेक वाहिन्या हातापायांच्या वेगवेगळ्या बोटांशी सुरू होतात वा संपतात; घोड्याला प्रत्येक पायाला एकच बोट, म्हणजे खूर. घोड्यांसाठीच्या तक्त्यांत पित्ताशयाची वाहिनी दाखवलेली असते, परंतु घोड्याला पित्ताशय नसते. १६०८ मध्ये चीनमध्ये सिद्ध झालेल्या ‘युआन-हेंग लियाओ मा जी’ या ग्रंथात घोड्यांच्या सुईउपचाराच्या जागा दिल्या आहेत. आज प्रचलित असलेला वाहिन्यांचा नकाशा मात्र विसाव्या शतकात माणसाच्या तक्त्यावरून घोड्यावर बेतण्यात आला. त्यामुळे दाबाने घोडा सैलावतो हे निरीक्षण आणि त्याचे ऊर्जावाहिन्यांद्वारे दिलेले स्पष्टीकरण, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे योग्य ठरते.

दुखणे ओळखण्याची साधने

घोड्याच्या वेदनेचे मोजमाप करण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. २०१४ मध्ये मांडण्यात आलेल्या मुद्रामापनात कानांची ठेवण, डोळ्यांभोवतीचा ताण, जबड्याचे स्नायू, नाकपुड्या इत्यादींवरून वेदनेचा अंदाज घेतला जातो. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीत असलेल्या घोड्यांसाठी २४ वर्तनांची यादी तयार केली असून त्यांपैकी ८ वा अधिक दिसल्यास स्नायू-सांध्यांचे दुखणे असण्याची शक्यता मोठी मानली जाते.

मर्दनाचा खरा उपयोग येथे दिसतो. आठवड्यातून एकदा संपूर्ण अंगावर लक्षपूर्वक हात फिरला, तर खोगिराखालची सूज, पायातील ऊब वा स्नायूंचा बदललेला आकार वेळीच कळतो. धोकाही येथेच आहे. मर्दनानंतर घोडा तात्पुरता मोकळा चालू लागतो आणि मालक त्याला पुन्हा कामाला जुंपतो. न बसणारे खोगीर, चुकीची नाल, दातांचा त्रास वा सांध्याचा आजार यांपैकी जे मूळ असेल ते तसेच राहून दुखापत वाढते.

मर्दन केव्हा करू नये?

ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, अचानक आलेला लंगडेपणा, अस्थिभंगाची शंका, पोटशूळ आणि खुरांचा दाह या अवस्थांत मर्दन टाळावे. निरोगी प्रौढ घोड्याचे विश्रांतीतील हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि शरीराचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. यात ठळक फरक असल्यास प्रथम पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

श्रमानंतर घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक होणे, त्याने जागचे न हलणे आणि लघवी गडद तपकिरी होणे ही स्नायूपेशी फुटल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चोळणे वा चालवणे घातक ठरू शकते. दिल्लीच्या मे-जूनमधील उष्म्यात घामावाटे पाणी व क्षार गेल्याने येणारे आखडलेपण मर्दनाने नव्हे, तर सावली, पाणी व क्षारांच्या भरपाईने जाते. हिवाळ्यात, जेव्हा पोलो व अश्वप्रदर्शनांचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा स्नायू थंड असताना खोल दाब देऊ नये. आधी घोड्याला थोडे चालवावे.

तेलांबाबतही सावधगिरी हवी. पारंपरिक मालिशच्या काही तेलांत कापूर वा मिरचीचा अर्क असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी हाँगकाँग येथे झालेल्या अश्वारोहण स्पर्धेत मिरचीतील कॅप्सायसिन आढळल्याने चार घोडे बाद झाले आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. शियात्सूत तेल लागत नाही, ही स्पर्धेच्या घोड्यांच्या दृष्टीने सोयीची बाब आहे.

कायद्याची चौकट

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार प्राण्यांवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. मर्दन करणाऱ्याने रोगनिदान करणे, औषध सुचवणे वा पशुवैद्याने दिलेले औषध थांबवण्यास सांगणे या मर्यादेत बसत नाही. शियात्सूचा समावेश आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील पद्धतींत नाही आणि तिच्यासाठी देशात स्वतंत्र वैधानिक परिषदही नाही. त्यामुळे उपचारकाचे प्रशिक्षण कोठे झाले, घोडे हाताळण्याचा अनुभव किती आणि तो पशुवैद्याशी संपर्क ठेवून काम करतो का, याची खातरजमा मालकालाच करावी लागते. स्वाराच्या पाठदुखीतही पायात मुंग्या, बधिरता वा पडल्यानंतरची वेदना असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० नुसार जखमी वा कामास अयोग्य प्राण्याला कामाला लावणे हा गुन्हा आहे. ओढकाम व ओझे वाहणाऱ्या प्राण्यांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामाच्या वापरास बंदी घातली आहे.

कमी खर्चातील निगा

विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशात घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३.४ लाख होती. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या मालकांना एका सत्राचे शुल्कही परवडणारे नाही. मात्र या पद्धतीतील उपयुक्त भाग विनाखर्च अंगीकारता येतो. काम संपताच तंग सैल करणे, जोखडाखालची व खोगिराखालची कातडी रोज हाताने तपासणे, मानेच्या मुळाशी आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना तळहाताने संथ दाब देणे, घोडा कोठे अंग चोरतो हे लक्षात ठेवणे आणि ती जागा भरून येईपर्यंत तिच्यावर भार न टाकणे, एवढे प्रत्येक साईसाला शक्य आहे.

घोडा जेथे अंग चोरतो ती जागा सलग दोन दिवस तशीच आढळली, तर मर्दन थांबवून त्याला विश्रांती द्यावी, खोगीर व नाल तपासून घ्यावी आणि पशुवैद्याला दाखवावे.